कोयता निघायच्या आधी: पाड्यावरच्या बाळांची यादी, लस आणि साथीची तयारी

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मी १९९२ साली आरोग्य सेविका म्हणून रुजू झाले. काचेच्या सिरिंजा उकळून घ्यायच्या, व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावायचा आणि एसटी जिथे थांबेल तिथून पुढे पायी निघायचं. ३१ वर्षं हेच केलं. आता निवृत्त आहे, पण नव्या एएनएम (आरोग्य सेविका) मुली आणि आशा ताई अजून फोन करतात. त्यांचा एक प्रश्न नेहमीचा असतो: "मॅडम, माझं काम शंभर टक्के आहे, तरी गोवर निघाला कसा?"

हाच प्रश्न मला २००७ च्या फेब्रुवारीत पडला होता. माझ्या रजिस्टरमध्ये एकही बाळ बाकी नव्हतं, आणि एका पाड्याच्या शिवारात पंधरा दिवसांत सात मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. सातही नावं रजिस्टरमध्ये शोधली. एकही नव्हतं. पाच मुलं सालदारांची (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्यांची) होती, शेतातल्या झोपड्यांत राहणारी. आईबाप मध्य प्रदेशातून सेंधव्याच्या बाजूने आलेले. दोघं नुकतीच ऊसतोडीहून परतली होती. त्यांतली सर्वांत लहान मुलगी अकरा महिन्यांची. तिला न्यूमोनिया झाला. आम्ही जीप मिळवली, पण पोर रस्त्यातच गेली. तिचं नाव मी त्या रात्री रजिस्टरमध्ये लिहिलं, आणि तोवर ते नाव कुणीच कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शंभर टक्के होते ते यादीतल्या मुलांचे. जे मूल यादीतच नाही ते टक्केवारीत धरलं जात नाही, पण गोवराला ते बरोबर सापडतं. म्हणून मी इथे जे सांगणार आहे त्यातला मोठा भाग यादीचाच आहे. लस टोचणं हे त्यातलं सोपं काम.

यादी कशी करायची

जुन्या रजिस्टरवरून नवं रजिस्टर उतरवू नका. वर्षातून दोनदा तरी घरोघर फिरा, आणि आशा ताईंना सोबत घ्या. दारात उभं राहून "लहान मूल आहे का?" असं विचारलं की बाई घाईत "नाही" म्हणते. कारण मूल नणंदेचं असतं, किंवा भाडेकरूचं असतं, किंवा ते झोपलेलं असतं. मी विचारायचे, "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?" मग माणसं बोटांवर मोजतात आणि मूल आपोआप पुढे येतं. डोळेही उघडे ठेवा. आढ्याला साडीची झोळी बांधलेली आहे, दोरीवर दुपटी वाळत आहेत, आणि बाई म्हणते मूल नाही, तर तिथे खाली बसा आणि पाणी मागा. दहा मिनिटांत कळतं.

एका बाळाला एक ओळ द्या. नाव ठेवलं नसेल तर आईचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. तारीख माहीत नसेल तर सणावरून काढा: पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीला किती दिवसांचं होतं. आणि एक रकाना मी स्वतः वाढवला होता, तो तुम्हीही वाढवा: "हे कुटुंब वर्षभर कुठे कुठे असतं?" छापील रजिस्टरमध्ये हा रकाना नाही, म्हणून मी दोनशे पानी वही वेगळी ठेवली होती.

आधार कार्ड नाही, मतदार यादीत नाव नाही, दुसऱ्या राज्यातले आहेत, या कशावरूनही लस नाकारायची नसते. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) नोंद अडली तरी बाळ अडता कामा नये. नोंद कागदावर घ्या आणि संध्याकाळी चढवा.

आता खान्देशाचं म्हणून जे आहे ते सांगते, कारण शहरातल्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवत नाही. आपल्याकडे माणसं सणाच्या हिशेबाने हलतात.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार बदलतो. जुना सालदार आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावच्या शेतात जातो, नवा येतो. म्हणून आखाजीनंतरच्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक मोठ्या शेतकऱ्याला विचारायचं, "औंदा साल कुणाला दिलं? किती पोरं आहेत त्याला?" शेतकरी सांगतो, त्याला त्यात काही लपवायचं नसतं. मग शिवारात जायचं. ही झोपडी दोन गावांच्या हद्दीवर असते, आणि दोन्हीकडच्या आशांना वाटतं की ती दुसरीची आहे. कागदावर लिहून ठरवा की ती कुणाची. आखाजीलाच माहेरवाशिणी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. त्यांच्या कडेवरच्या बाळांची कार्डं तिथेच बघून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, जन्माचा डोस एका गावात लागतो आणि सहा आठवड्यांचा सासरी लागायचा असतो. बाळ निसटतं ते या दोन गावांच्या मधे.

दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक भरायला लागतात. नंदुरबार, धुळे आणि चाळीसगावकडचे मजूर गुजरातेत बारडोली-नवसारीच्या बाजूला नाही तर पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाच्या डायरीत प्रत्येक कोयत्याचं नाव असतं आणि त्याने किती उचल घेतली ते असतं. पोरांची नावं मात्र नसतात. मी नवरात्रात मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तो एकेक नाव वाचायचा, मी माझ्या वहीत त्यासमोर पोरं लिहायचे, आणि कोणता कारखाना तेही. पहिल्या वर्षी त्याला वाटलं मी कामगार खात्याकडून आले. त्याच्या सुनेचं बाळंतपण माझ्याच हातून झालेलं होतं, म्हणून बोलला. पुढे पुढे तोच निरोप पाठवायचा: "बाई, शनिवारी गाडी भरतेय, या."

कोयता निघायच्या आधी ज्या बाळाचे सहा आठवडे भरले आहेत त्याला पहिली पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियाची), रोटा (जुलाबाची), पोलिओ द्यायचंच, आणि नऊ महिने भरलेल्याला गोवर-रुबेला. वय भरलेलं नसेल तर घाईने डोस देऊ नका. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, तेही मोडू नका. आईला समजावून सांगा की कार्ड दाखवलं की गुजरातेतल्या सरकारी सत्रातही लस फुकट मिळते. कार्ड पावसात भिजतं, चुलीजवळ जळतं, म्हणून त्याचा फोटो तिच्या, नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि तुमच्याकडची प्रत सांभाळा.

होळीला माणसं परत येतात, थोड्या दिवसांसाठी का होईना. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात डोंगरातला सगळा माणूस उतरतो. आम्ही बाजाराच्या कडेला, ढोलाच्या आवाजापासून जरा लांब, टेबल लावायचो. वर्षभरात हाती न लागलेली बाळं तिथे सापडायची.

मग पाऊस. अक्राणी-अक्कलकुव्याकडे नाले भरले की पाडे तुटतात, आणि नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीनेच जावं लागतं. तिथल्या बहिणींना मी काय सांगणार, त्याच मला शिकवतील. एवढंच म्हणते की जूनच्या आधी त्या पाड्यांची बाकी शून्यावर आणा.

सत्र त्या दिवशी झालंच पाहिजे

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे काहीच वेगळं केलं नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के होती. जिथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं तिथे १८ टक्के झाली. आणि जिथे शिबिरासोबत आईला दर वेळी किलोभर डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटं दिली तिथे ३९ टक्के. लोक डाळीचंच बोलतात. मला त्यातला पहिला टप्पा मोठा वाटतो: नुसतं ठरल्या दिवशी उघडं असण्याने तिप्पट. मजुरी बुडवून आलेल्या बाईला एकदा कुलूप दिसलं की ती पुढचे दोन महिने येत नाही. तिचं चुकत नाही. डाळ आपल्या हातात नाही, दिवस पाळणं आहे.

दिवसही बघून निवडा. मायक्रोप्लॅनमध्ये (सत्रांच्या गाववार वेळापत्रकात) जो वार छापलाय तो कापूस वेचणीच्या हंगामात सकाळी दहाला ठेवला तर पाड्यावर फक्त म्हातारी माणसं भेटतात. बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते. माझ्या तीन पाड्यांचं सत्र मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी मागून बाजाराच्या दिवशी सकाळी सातला लावून घेतलं, आणि हजेरी कुणालाही डोळ्यांनी दिसेल इतकी वाढली. निरोप द्यायला दवंडीपेक्षा पिठाची गिरणी बरी. गिरणीवाल्याकडे दोन दिवस आधी चिठ्ठी ठेवा. दळण घेऊन जाणारी प्रत्येक बाई निरोप घेऊन जाते.

"मुलं कमी आहेत, बाटली फोडली तर वाया जाईल" हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि माझ्या वरच्यांकडूनही ऐकलंय. एक बाळ आलं तरी बाटली फोडायची, नियमही तेच सांगतो. त्या बाईला पुन्हा बोलावलं आणि ती आली नाही तर काय वाया गेलं, ते मी वर सांगितलंच आहे. तसंच साध्या सर्दीसाठी, किरकोळ तापासाठी, पातळ शौचासाठी किंवा वजन कमी आहे म्हणून बाळ परत पाठवू नका. कमी वजनाच्या बाळाला तर लस सर्वांत जास्त लागते.

उशीर झालेल्या बाळाचं काय, हे पुष्कळ जणींना नीट माहीत नसतं. डोस पहिल्यापासून सुरू करायचे नसतात, राहिले तिथून पुढे जायचं. वर्षाच्या आत पेंटा सुरू करता येते, वर्ष उलटलं तर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस), तीही सात वर्षांपर्यंत. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. बीसीजी एक वर्षापर्यंत. हेपटायटिस बीचा जन्मडोस मात्र २४ तासांतच द्यायचा असतो, आणि झीरो पोलिओ (पोलिओचा जन्मडोस) पंधरा दिवसांत.

लस उष्णतेने मरते, गोठूनही मरते

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे सगळं लक्ष उष्णतेकडे असतं. माझी चूक गोठण्याची होती. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी डिसेंबरात, घाईत, डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक मी तसेच कॅरियरमध्ये घातले आणि मधे डीपीटीच्या बाटल्या. पाड्यावर पोचून बाटली हलवली तर तळाशी कापसासारखी भुकटी. गोठून वितळलेली लस अशी दिसते. कणकण बसतात, आणि शेजारी चांगली बाटली ठेवली तर पाव-अर्ध्या तासात फरक स्वच्छ कळतो. त्या दिवशी २२ बाया बसल्या होत्या. सगळ्यांची माफी मागून परत पाठवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा गेले. पेंटा, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हेपटायटिस बी, पीसीव्ही, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), या सगळ्या गोठल्या की निकामी. त्यांची बाटली दिसायला ठीक वाटली तरी शंका असेल तर टोचू नका.

आइसपॅक असे तयार करायचे. फ्रीझरमधून काढून टेबलावर एका थरात मांडा. आधी वरती पांढरं हिम दिसतं. मग ते जाऊन पृष्ठभाग ओला होतो, घाम फुटल्यासारखे थेंब येतात. एक पॅक उचलून कानाजवळ हलवा. आत पाणी खळखळलं की तो तयार. उन्हाळ्यात हे पटकन होतं, थंडीत अर्धा तास आणि कधी त्याहून जास्त लागतो, आणि त्या दिवशी गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत असतो. वाजवू द्या. मग चारही बाजूंना चार पॅक, बाटल्या झिपच्या पिशवीत, मधोमध. झाकण घट्ट.

केंद्रातल्या आयएलआरमध्ये (लसीच्या खास फ्रिजमध्ये) २ ते ८ अंश. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, रविवारीही. गोठणाऱ्या लसी तळाला कधी ठेवायच्या नाहीत. वीज गेली की झाकण उघडायचं नाही.

प्रत्येक बाटलीवरचा व्हीव्हीएम (उष्णता लागली की रंग बदलणारी खूण) बघा: गोल आणि त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेपर्यंत लस चालते, दोन्हींचा रंग सारखा झाला की बाद. बीसीजी आणि गोवर-रुबेला द्रावणात मिसळले की वेळ बाटलीवर लिहा, आणि चार तासांनी फेका. त्यात जंतू रोखणारं काही घातलेलं नसतं. एकदा दूषित झालं की जंतू वाढत जातात आणि बाळाचा जीव जाऊ शकतो. लसीसोबत आलेलंच द्रावण वापरा, तेही थंड केलेलं. आणि टोचायच्या आधी, पाजायच्या आधी, दर वेळी लेबल वाचा. २०२१ च्या पल्स पोलिओत यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले होते. मुलं वाचली. अशी चूक थकलेल्या माणसाकडून कोणत्याही गावात होऊ शकते.

आईशी बोलताना

"मन्हा पोर्‍याले ताप येस, मंग मी निंदाले कसी जाऊ?" हा प्रश्न मला हजारदा आला असेल. याला अडाणीपणा म्हणू नका. तिच्या एका दिवसाच्या मजुरीचा तो प्रश्न आहे. लसीने ताप येणारच नाही असं खोटं बोलू नका. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते, हे आधीच सांगा. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिरपच्या चमच्यावर खूण करून दाखवा. टोचल्या जागी हळद, तेल, शेक काही नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, पिकते, व्रण राहतो, तेही आजच सांगा. नाही तर ती महिन्याने तो फोड बघून सगळ्या गल्लीला सांगते की सुई पिकली.

दर आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करायचं, पुढे केव्हा यायचं, आणि कार्ड जपून परत आणायचं. पुढची तारीख तिला आकड्यात सांगू नका. "पोळ्यानंतरच्या बाजाराला" म्हणा, आणि तिच्याकडून वदवून घ्या. अर्धा तास बसवून ठेवा, आणि तुमच्या किटमधल्या ॲड्रेनॅलिनची (तीव्र ॲलर्जी झाली तर द्यायच्या औषधाची) मुदत सत्राच्या आदल्या दिवशीच बघा.

नकार असेल तर वाद घालू नका. सासूशी बोला, बापाशी बोला, आणि शक्य असेल तर त्यांच्याच समाजातल्या, बाळाला सगळे डोस दिलेल्या बाईला सोबत न्या. पावरी बोली मला मोडकी यायची. माझ्या दहा वाक्यांपेक्षा शेजारणीचं एक वाक्य जास्त चालायचं. भगताला किंवा बडव्याला शत्रू करू नका. तो मंत्र म्हणो, पण पुरळ दिसलं की त्याने आधी तुम्हाला निरोप द्यावा, एवढं त्याच्याशी ठरवून घ्या. माझ्या भागातल्या एका म्हाताऱ्या बडव्याने मला तीन वेळा वेळेवर निरोप दिला.

साथ दिसली तर

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला आणि मालेगावात गोवर पसरला. मालेगाव धुळ्याहून महामार्गाने तासाभरावर. लग्नाला, बाजाराला, कामाला रोज माणसं येतात-जातात. ती बातमी वाचली त्याच दिवशी मी वही काढली आणि ज्यांचा दुसरा डोस राहिलाय अशांची नावं वेगळ्या पानावर उतरवली. शेजारच्या तालुक्यात साथ आली की तुमची तयारी त्याच दिवशी सुरू होते.

गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो, आणि लस न घेतलेल्या दहांतल्या नऊ जणांना तो गाठतो. म्हणून ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस हवेत, ८० वर भागत नाही. आणि हे ९५ प्रत्येक पाड्यावर हवेत. तालुक्याचे ९५ असून एका शिवारात शून्य असले तर साथ त्या शिवारात येते.

ताप आणि अंगावर पुरळ असलेलं एक जरी मूल दिसलं तरी त्याच दिवशी फोन करा. "माता उनी, दवाई देवानी नही" (माता आली, औषध द्यायचं नाही) असं घरचे म्हणतील. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवू द्या, त्याने काही बिघडत नाही. पण बाळाला व्हिटॅमिन ए मिळालंच पाहिजे. लागोपाठ दोन दिवस, दोन डोस: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांना १ लाख, त्यापुढे २ लाख. गोवरात डोळे जाऊ नयेत आणि जीव वाचावा म्हणून हे द्यायचं. अंगावरचं दूध आणि खाणं बंद करू देऊ नका, पातळ शौच असेल तर ओआरएस आणि झिंक. श्वास भरभर चालतोय, छाती आत ओढली जातेय, मूल पीत नाही, झोपाळलंय, यातलं काहीही दिसलं तर गाडी बोलवा, उद्याची वाट बघू नका. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून नंतर चार दिवसांपर्यंत ते मूल इतरांना लागण देतं, म्हणून तेवढे दिवस अंगणवाडी नको, लग्न नको.

फोन केल्यावर वही उघडा आणि प्रत्येक रुग्णाची एक ओळ लिहा: वय, पुरळ कोणत्या तारखेला, किती डोस झालेत, गेल्या तीन आठवड्यांत कुठून आले, कुणाकडे गेले. पुरळ उठल्यापासून चौथ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात रक्ताचा नमुना घेता येतो. घशाचा किंवा लघवीचा नमुना घ्यायचा तर पहिल्या सात दिवसांत. एका तालुक्यात चार आठवड्यांत पाच संशयित रुग्ण किंवा एक मृत्यू झाला की ती साथ समजून काम सुरू करायचं असतं. अहवाल यायची वाट बघत घरोघर फिरणं थांबवू नका. जी मुलं त्या घरात येऊन गेली आणि ज्यांना डोस नाही, त्यांना ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो. ती कोण आहेत हे शोधायला तुमची यादीच लागते, आणि ती त्या दिवशी बनवायला बसलात तर तीन दिवस तिथेच जातात.

बाकी दोन आजार थोडक्यात. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही वाटो, लगेच कळवा. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, चौदा दिवसांच्या आत. भारतातला नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, आणि तो शेवटचाच राहिलाय तो असं कळवणाऱ्या माणसांमुळे. आणि घसा दुखतोय, ताप आहे, टॉन्सिलवर राखाडी-पांढरा पडदा आहे, मान सुजलीय, तर तो घटसर्प असू शकतो. पडदा खरवडू नका, त्याच गाडीने मोठ्या दवाखान्यात पाठवा, कारण त्यावरचं अँटिटॉक्सिन जितकं लवकर तितकं चांगलं.

कळवल्याबद्दल मला एकदा वरून ऐकून घ्यावं लागलंय: "तुमच्यामुळे तालुक्याचं नाव खराब झालं." ते शब्द मला लागले, पण पुढच्या वेळीही मी कळवलं. तुम्ही फोन करा, नोंद आयएचआयपीवर (साथरोगांच्या सरकारी पोर्टलवर) टाका आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

साथीच्या गडबडीत नेहमीचं सत्र बंद पडू देऊ नका. २०२० मध्ये कोरोनात आमची सत्रं काही आठवडे थांबली होती, आणि त्या आठवड्यांत जन्मलेली बाळं पुढे दोन वर्षं एकेक करून शोधावी लागली. काँगोमध्ये २०१९ ला जगाचं लक्ष इबोलाकडे होतं, त्यात २,२०० च्या वर माणसं गेली. त्याच देशात त्याच काळात गोवराने २०२० च्या जानेवारीपर्यंत ६,००० हून जास्त जीव घेतले, बहुतेक लहान मुलं.

तयारी म्हणून उपकेंद्राच्या कपाटात आजच काय असावं? व्हिटॅमिन एची मुदत न संपलेली बाटली, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, कोरे नोंदणी कागद. दाराच्या आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरात, वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, १०८ आणि रात्री येऊ शकणाऱ्या दोन जीपवाल्यांचे नंबर. आणि ती वही, त्यात पाड्यांपासून सुरुवात, गावठाण शेवटी. माझी वही मी माझ्यानंतर आलेल्या ताईला दिली. परवा तिचा फोन आला होता. आखाजीनंतर हद्दीवरच्या शेतात नवा सालदार आलाय, त्याला दोन पोरं आहेत, धाकटी चार महिन्यांची आणि एकही डोस नाही. बुधवारी सकाळी सातला ती तिकडे जाणार आहे.